मलप्पाची बोरी

लातूरला औसा रोडच्या कडेला रियाज बागवानाची रोपवाटिका होती, तेव्हा त्या रस्त्याला वर्दळ म्हणून नव्हती. एक विहीर, एक कडुलिंब, पत्र्याचं छप्पर आणि काळ्या पिशव्यांतल्या रोपांच्या रांगा, एवढाच सगळा पसारा. बोर्ड नव्हता. बोर्ड लावा असं कुणी सुचवलं की रियाज म्हणायचा, "ज्याला झाड लावायचंय तो हुडकत येतो. बोर्ड वाचून येणाऱ्याचं झाड मरतंय." धंदा करणाऱ्याच्या तोंडी हे शोभत नाही, पण रियाजला धंद्याआधी तोंड सुचायचं. गिऱ्हाईक रागावून जायचं आणि पुढच्या पावसाळ्यात परत यायचं.

परत यायचं, कारण रियाजचं कलम फसवत नसे. त्याचा बाप मुनीब निजामाच्या काळात बीदरकडच्या एका जहागीरदाराच्या बागेत कलमं बांधायचा. जहागीर गेली, बाग मोडली, तेव्हा तो एक चाकू आणि हातातली कला घेऊन लातूरला आला. रियाजला बापाकडून तो चाकू मिळाला आणि एक नियम मिळाला. ज्या झाडाचं फळ आपण स्वतः खाल्लं नाही त्याचं कलम विकायचं नाही. आणि ज्या रोपाबद्दल मनात शंका आली ते विकायचं नाही, ठेवायचं नाही, सरळ चुलीत घालायचं. रियाजची बायको रईसा म्हणायची, पावसाळ्यात निम्म्या भाकरी आपण शंकेवर भाजतो.

शंका का येते, ते सांगायला हवं. कलमात खाली गावरान खुंट असतो, काटक, कसल्याही जमिनीत मूळ धरणारा. वर बांधलेली काडी असते ती गोड झाडाची. दोघं एकजीव झाले की फळ वरच्याचं येतं. पण खालचा गावरान गडी गप्प बसलेला असतो, मेलेला नसतो. सांध्याच्या खालून त्याला फुटवा फुटला आणि माळ्यानं तो वेळेवर खुडला नाही, की वरची गोड काडी वाळून जाते आणि झाड मात्र हिरवंगार दिसत राहतं. बघणारा खूश असतो. फळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही.

तेरणेच्या काठच्या एका गावात मलप्पा नावाचा लिंगायत दुकानदार होता. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, ते नाव आता दुसऱ्याच जागेवरच्या पाटीवर आहे. मलप्पाच्या घरामागं बोरीचं एक झाड होतं. मुळात ती गावरान बोरी, आपोआप उगवलेली. मलप्पाचा बाप धोंडप्पा यानं मुनीबला बोलावून तिच्यावर जहागीरदाराच्या बागेतल्या बोरीचा डोळा भरून घेतला होता, म्हणजे काडीवरचा फुटीचा कोंब तिच्या सालीत बसवून घेतला होता. पुढं ती बाग नांगराखाली गेली आणि त्या जातीची ही एकच बोरी जगात उरली. निदान मुनीबला तरी दुसरी माहीत नव्हती.

पहिली बोरं आली तेव्हा धोंडप्पानं एक खाल्लं, दुसरं खाल्लं आणि मुनीबला निरोप धाडला. तो आल्यावर त्याच्या हातावर बेलाचं पान ठेवून धोंडप्पा म्हणाला, "ह्या झाडाचा डोळा दुसऱ्या झाडावर भरायचा न्हाई. तू न्हाई, तुझ्या पोरानं न्हाई." मुनीबनं बेलाचं पान मुठीत धरून, बिस्मिल्ला म्हणून, शब्द दिला. दोघांच्याही देवांना यात काही वावगं वाटलं नसावं, कारण शब्द पुढच्या पिढीतही टिकला.

धोंडप्पा काही चक्रम नव्हता. एकच आहे म्हणून त्या बोरीला मान होता, हे त्याला दुकानदार असल्यामुळं लवकर कळलं होतं. पौषात बोरांच्या टोपल्या मठात जायच्या, तहसीलला जायच्या, पोरींच्या सासरी जायच्या. आवळा देऊन कोहळा काढणारे पुष्कळ असतात, हे घर बोरं देऊन काढायचं. मलप्पानं बापाची ही रीत जशीच्या तशी चालवली. अहमदपूरच्या मोंढ्यातला एक आडत्या तर दोनतीनदा रियाजकडं येऊन बसला. एकच काडी द्या म्हणाला, मग काडी नको, नुसतं सोबत त्या गावाला फिरायला चला म्हणाला. पण ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी. रियाजनं त्याला चहा पाजला आणि अहमदपूरच्या गाडीत बसवून दिलं.

रियाज मात्र दर वैशाखात त्या गावी जायचा, बोरी छाटायला. तो आणि मलप्पा एका वयाचे, अरे-तुरेतले. मलप्पाची बायको नीलाबाई झाडाखाली उभी राहून, "रियाजभाई, लई कापू नका, झाड बोडकं दिसतंय," असं दर वर्षी म्हणायची, आणि तो "वैनी, बोरीला कापलं की राग येतो, अन् रागानं ती जास्त बोरं देती," असं दर वर्षी सांगायचा. मग चहा व्हायचा.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात भूकंप झाला. त्याबद्दल लातूर जिल्ह्यात कुणाला नवीन सांगावं असं काही नाही, आणि बाहेरच्याला सांगून कळावं असंही काही नाही. नीलाबाई तेव्हा लातूरजवळच्या मुरुडला होती. धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं आणि आई नसल्यामुळं ते थोरलीवर आलं होतं. बहिणीला मुलगी झाली. ती मुलगी झाली म्हणून नीलाबाई वाचली. मलप्पा आणि दोन्ही पोरं भिंतीखाली गेली. नीलाबाई मिळेल त्या गाडीनं गावी पोहोचली तोवर सगळं उरकलं होतं. तिला दाखवायला कुणी ठेवलं नव्हतं, ठेवता येण्यासारखंही नव्हतं.

रियाज मोहल्ल्यातल्या लोकांबरोबर भाकऱ्यांचा टेम्पो घेऊन गेला. गावाच्या जागी दगडमातीचे ढीग होते आणि त्यांवरून यंत्रं फिरत होती. नीलाबाई आपल्या घराच्या ढिगाशेजारी बसली होती. समोर लोकांनी दिलेली घोंगडी, बादली, स्टोव्ह असं सगळं मांडून ठेवलेलं, आणि तिनं एकाही वस्तूला हात लावला नव्हता. ती रडलीही नव्हती. बाया एकमेकींत म्हणत होत्या, हिला रडवा, न्हाईतर ही जाईल.

घरामागची भिंत यंत्रानं ढकलली होती आणि तिच्याबरोबर बोरीही आडवी झाली होती. मुळं वर आलेली, पानं अजून पुरती सुकलेली नाहीत.

"वैनी, काय लागतंय का?" रियाजनं विचारलं. त्या दिवसांत सगळेच सगळ्यांना हे विचारत होते आणि दुसरं काही विचारण्यासारखं नव्हतंच.

नीलाबाईनं मान वळवून झाडाकडं बघितलं. "मालकाची बोरी तेवढी जगवा," ती म्हणाली. "ह्या घरातलं एवढं एक जगू द्या."

दुसरं कुणी असतं तर रियाजनं तोंडावर सांगितलं असतं की आता ते जमणार नाही. तो म्हणाला, "जगवतो." झाड बघायच्या आधी शब्द द्यायची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

काम अवघड होतं. काड्या झाडावर होत्या, पण त्या दोनचार दिवसांत वाळणार होत्या. त्या बांधायला गावरान बोरीचे खुंट लागतात आणि रियाजकडचे त्या वर्षीचे सगळे खुंट पावसाळ्यातच डोळे भरून संपले होते. बी टाकून नवे करायचे तर वर्ष जाणार. मग एकच उपाय उरला. मुनीबनं तो पोराला एकदाच दाखवला होता आणि दाखवतानाही तोंड वाकडं केलं होतं. झाडाचंच मूळ कापून घ्यायचं आणि त्याच झाडाची काडी थेट त्या मुळावर बांधायची. दुसरं झाड मध्ये येत नसल्यामुळं धोंडप्पाचा शब्दही मोडत नव्हता.

मुनीबचं तोंड वाकडं व्हायला कारण होतं. मुळाचा तुकडा उघड्यावर राहिला तर सुकतो, म्हणून सांधा मातीत पुरावा लागतो. साध्या कलमाचा सांधा डोळ्यांसमोर असतो, खालून फुटलं की वरून फुटलं ते लांबूनही दिसतं. मुळावरच्या कलमाचं सगळं मातीखाली चालतं. मुनीब म्हणायचा, ज्याचा सांधा दिसत नाही त्या कलमाची हमी घेऊ नये.

रियाजनं बोटाएवढ्या जाडीची मुळं निवडून कापली, शेंड्याकडच्या काड्या घेतल्या, पानं उतरवली आणि सगळं ओल्या पोत्यात गुंडाळून लातूरला आणलं. प्रत्येक मुळाला चीर दिली, काडीला पाचरीसारखं टोक केलं, ते चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळलं. काडीवर दोन डोळे ठेवले, खालचा सांध्याजवळ मातीत जाणारा आणि वरचा मातीबाहेर. मग वाळू-मातीच्या पिशव्या भरून कडुलिंबाच्या सावलीत ओळीनं मांडल्या.

दिवाळीपर्यंत निम्म्या काड्या काळ्या पडल्या. नखानं साल खरवडायची, आत तपकिरी दिसलं की पिशवी मोकळी करायची. थंडीत आणखी गेल्या. नव्या काड्या आणाव्यात म्हणून रियाज पुन्हा गावी गेला, तर बोरी जाग्यावर नव्हती. थंडी पडली होती आणि लोक पत्र्याखाली झोपत होते. त्यांनी ती जाळली होती. त्यात चुकलं काय? रियाजलाही काही चुकलं असं वाटलं नाही. तो हात हलवत परत आला.

फाल्गुनात एकच पिशवी उरली होती. तिच्यातल्या काडीचा वरचा भाग वाळला आणि दोनचार दिवसांनी काडीला लागूनच मातीतून एक कोंब वर आला. काडीचा खालचा डोळा फुटला असला तर ती मलप्पाची बोरी. मुळाला फुटवा आला असला तर ते धोंडप्पाच्याही आधीचं गावरान झुडूप. पान बघून कळावं तर कोवळेपणी सगळ्या बोरींची पानं सारखीच. माती दोन बोटं उकरली असती तर निकाल लागला असता.

रियाज खुरपं घेऊन त्या पिशवीपाशी बसला, आणि नेमकी तेव्हाच नीलाबाई आली. सरकारी कामासाठी ती लातूरला आली होती. सोबत बहीण होती आणि बहिणीच्या कडेवर ती भूकंपाच्या दिवसांतली मुलगी, मंजुश्री.

नीलाबाईला तो कोंब दिसला. ती खाली बसली, एक बोट पुढं करून तिनं त्याला नुसतं टेकवलं, आणि इतक्या महिन्यांत जे झालं नव्हतं ते झालं. ती मोठ्यानं रडायला लागली. मलप्पाचं नाव घेऊन रडली, पोरांची नावं घेऊन रडली. रईसा आतून धावत आली आणि तिला मिठीत घेऊन तिथंच मातीत बसली. बहीण रडत म्हणाली, "रियाजभाई, तुमी देवासारखे हायत." रियाजनं खुरपं मागं सरकवलं.

त्या गेल्यावर रईसा म्हणाली, "अब खुरचके देखो ना."

"कोवळा है," रियाज म्हणाला. "टूटेगा."

शंकेच्या रोपाला कोवळं म्हणताना रईसानं नवऱ्याला कधी ऐकलं नव्हतं.

पुनर्वसनाचं गाव पुढं तीनचार वर्षांनी वसलं. सरळ रस्ते, सारखी घरं, आणि घरं इतकी लांब लांब की शेजारणीला हाक मारायची तर गळा दुखावा. नीलाबाईच्या दारात रियाजनं स्वतःच्या हातानं ते झाड लावलं. त्या वेळी ते पिशवीतून मोकळं करताना मुळाशी सांधा दिसला असता. रियाजनं मातीचा गड्डा फुटू न देता खड्ड्यात उतरवला. कामाची ती खरी पद्धतही आहे, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही.

पिशवीत खुरटलेल्या झाडावरून काही ठरत नव्हतं, पण जमिनीत पुढच्याच वर्षी त्याला कळून चुकलं. फांद्या बारीक, झुबक्यानं येणाऱ्या, पान लहान आणि खालून पांढुरकं. मग बोरं आली, वाटाण्याहून जरा मोठी, आंबट-तुरट, नुसती बी. रियाजनं एक तोंडात टाकलं, नीलाबाई त्याच्या तोंडाकडं बघत उभी होती.

"पहिला बहार कुणाचाच खरा नसतो, वैनी," रियाज म्हणाला. ही म्हण त्यांच्या धंद्यात खरीच आहे आणि एका वर्षापुरती चालते. रियाजनं ती तीन वर्षं चालवली.

चौथ्या वर्षी त्याला म्हणीची गरज उरली नाही. नीलाबाईच्या शेजारी ग्यानोबा म्हणून एक म्हातारा राहायचा. जुन्या गावातही तो मलप्पाचा शेजारीच होता आणि कुंपणावरून हात घालून त्यानं ती बोरं जन्मभर खाल्ली होती. रियाजनं त्याला बाजूला घेऊन विचारलं, "ग्यानोबा, खरं सांगा, हीच का हो ती?"

ग्यानोबानं एक बोर चघळलं, बी थुंकली आणि म्हणाला, "तीच की. मलप्पाचीच."

म्हातारा थट्टा करतोय का, हे रियाजनं त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. तो थट्टा करत नव्हता. सगळ्या गावाचं तेच झालं होतं. जुन्या गावातलं काहीतरी नव्या गावात आलं आहे, एवढं प्रत्येकाला हवं होतं, आणि जिभेनं ते मान्य केलं होतं. नीलाबाई दर संक्रांतीला बोरं आधी मलप्पाच्या आणि पोरांच्या फोटोपुढं ठेवायची, मग घरोघर वाटायची. बाया ती डोळ्यांत पाणी आणून खायच्या.

रियाज दर वर्षी जात राहिला, पण वैशाखात, छाटणीला. तेव्हा झाडावर बोरं नसतात. एका वर्षी त्यानं बाजारातल्या मोठ्या, गोड बोरीचे डोळे ओल्या फडक्यात बांधून बरोबर नेले होते. छाटणी करता करता चार फांद्यांवर भरले असते तर कुणाला कळलं नसतं आणि दोन वर्षांत नीलाबाईला गोड बोरं मिळाली असती. फांदीला चीर देईपर्यंत गोष्ट गेली. मग त्यानं ते फडकं सोडलं आणि डोळे ग्यानोबाच्या शेळीपुढं टाकले. एक खोटं पोटात ठेवणं त्याला जमत होतं. त्याच्यावर दुसरं बांधणं जमेना.

इकडं लातूर पालटत होतं. पूर्वी माणसं इथं डाळ विकायला यायची, आता पोरांना डॉक्टर करायला यायला लागली. नायगावची पोरं, मुखेडची पोरं, पार तिकडं किनवटची पोरं. एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात फराळाचा डबा, आणि मागं रडू आवरणारा बाप. जिथं तिथं क्लास उघडले आणि क्लासच्या पोरांना झोपायला जागा पुरेना. रियाजचा मुलगा नबील यानं बापाचं मन वळवलं. रोपवाटिकेच्या जागी मुलींचं होस्टेल उभं राहिलं. विहीर बुजली. कडुलिंब तेवढा ठेवला, गाड्यांना सावली हवी म्हणून. रियाज आता त्याच्याखाली खुर्ची टाकून बसायचा आणि पोरी त्याला चाचा म्हणायच्या. क्लासवाले दारात लावायला अशोकाची झाडं मागायचे. त्यांना तो दुसऱ्याचा पत्ता सांगायचा. ज्या झाडाचं फळच खात नाहीत त्याची हमी घ्यायची तरी कशी?

मंजुश्री अकरावीला त्याच होस्टेलात आली. मुरुडहून तिच्या आईनं हक्कानं फोन केला होता आणि नबीलनं खिडकीजवळची खाट दिली होती. त्या वर्षीच्या संक्रांतीत नीलाबाई भाचीला भेटायला आली. तिच्या बरोबर एक ओलं पोतं होतं.

कडुलिंबाखाली तिनं पोतं सोडलं. आत बोरीच्या फांद्या होत्या, बोरांसकट कापलेल्या. पोरी भोवती जमल्या, कुणी मीठ आणलं, कुणी तिखट.

"मोठी मावशी, काय आंबट हायत!" मंजुश्री डोळे मिटून म्हणाली. "लई भारी."

"आंबट कुठं गं?" नीलाबाई हसली. "बाजारातली गिळगिळीत खाऊन तोंड बिघडलंय तुमचं. साखर हाय ही." तिनंही एक तोंडात टाकलं, आणि खरोखरच तिचं तोंड वाकडं झालं नाही.

रियाज ते बघत होता.

पोरी बोरं घेऊन क्लासला गेल्यावर नीलाबाई खुर्चीपुढच्या कट्ट्यावर बसली. "रियाजभाई, ह्या काड्यांची रोपं करा. गावातल्या समद्या बाया मागायला लागल्यात. घरटी एक द्यायची हाय, मालकाच्या नावानं."

"वैनी, आता हंगाम न्हाई."

"मग हंगामात करा. म्या पुन्हा आणून देईन."

"धोंडप्पांचा शब्द हाय," रियाज म्हणाला. सगळा जन्म पाळलेला शब्द त्यानं त्या दिवशी पहिल्यांदाच आडोसा म्हणून वापरला.

"शब्द घेणारे गेले. ज्यांच्यासाठी घेतला ते बी गेले. आता त्या घरची म्याच." नीलाबाईनं पदर सारखा केला. "म्या सोडते तुमाला. करा रोपं."

आता आडोसा संपला. करतो म्हणावं, तर गावातल्या घराघरापुढं मलप्पाच्या नावानं गावरान बोरी उभी राहणार होती, आणि ती रियाज बागवानानं हमी देऊन लावलेली असणार होती. नाही म्हणावं, तर का नाही ते सांगावं लागणार होतं. रईसा दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "बोल देव उनकू."

"वैनी," रियाज म्हणाला, "ही मलप्पाची बोरी न्हाई."

नीलाबाईला वाटलं, त्यानं फांद्यांबद्दल काही म्हटलं. "माज्या दारातलीच हाय की."

"दारातली हाय. पण मलप्पाची न्हाई. त्याची काडी त्याच वर्षी मेली. मुळाला फुटवा आला, तोच वाढला. गावरान बोरी हाय ही. तुमी आला, रडला, तवा मला नुसती शंका होती. दारात लावली तवा म्या बघायचं टाळलं. मग एका वर्षात समजलं. अन् म्या गप ऱ्हायलो."

रस्त्यावरून क्लास सुटलेल्या पोरांचा लोंढा गेला. मग नीलाबाई म्हणाली, "इतकी वर्षं म्या ही बोरं मालकापुढं ठेवली."

"हाव."

"पोरांपुढं ठेवली."

"हाव, वैनी."

"अन् तुमी छाटणीला येऊन चहा पिऊन जात होता."

रियाजनं मान हलवली. वाईट कशाचं वाटलं असेल तर ते या वाक्याचं वाटलं. आधीच्या दोन वाक्यांना त्यानं मनातल्या मनात पुष्कळदा उत्तरं देऊन ठेवली होती. हे त्याला सुचलंच नव्हतं.

"आता गावाला काय सांगू?" ती म्हणाली, आणि तो काही बोलायच्या आत तिनंच हात वर केला. "राहू द्या. गावाला माझं म्या सांगते."

तिनं पोत्यातलं एक बोर तोडलं आणि सावकाश खाल्लं. या वेळी चावता चावता थांबली. बी तळहातावर काढून बघत बसली.

"आंबट हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, भीती होती. "रियाजभाई, मला हीच चव ध्यानात हाय. तोंडात दुसरी येतच न्हाई. चांगली टोपल्यांत जायची, आमच्या वाट्याला पाखरांनी टोचलेली यायची, ती गोड असायची, एवढं म्हाईत हाय. पण कशी गोड, ते गेलं." ती त्याच्याकडं वळली. "तुमी खाल्लीय न्हवं? कशी लागायची ती?"

रियाज खुर्चीवरून उठून तिच्या शेजारी कट्ट्यावर बसला.

"साल पातळ होती," तो म्हणाला. "दात नुसता टेकला की फुटायची. बी बारीक, दोन्हीकडं टोक. वास पिकल्या पेरूचा..." तो थांबला. "न्हाई. पेरूचा न्हाई. वासाचं मला नक्की सांगता येत न्हाई, ते सोडून द्या. तोंडात घातल्या घातल्या गोड लागत नव्हतं. आधी जरा तुरट, मग मागून गोड यायची, अन् पाणी प्यालं तरी ऱ्हायची."

नीलाबाई ओठ मिटून ऐकत होती, जणू ते शब्द चघळून बघत होती. तिनं मान हलवली. चव येत नव्हती.

"मलप्पा एक बोर गालात ठेवायचा," रियाज म्हणाला. "चावायचा न्हाई. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना बी तसंच. गाल फुगलेला असायचा, माणसं विचारायची दाढ दुखती का म्हणून."

नीलाबाईचा हात तळहातावरच्या बीसकट मिटला.

"कोणता गाल?" तिनं विचारलं.

"डावा."

"हाव," नीलाबाई म्हणाली. "डावाच."